माचू पिच्चूच्या वाटेवर चार दिवस

‘पेरू’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील मुलांना परसातले झाड आठवते. परंतु ह्याच नावाचा एक देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि त्या देशाचे आपल्या स्वयंपाकघराशी जुने नाते आहे. ज्या बटाट्यावाचून आपल्या घरची मेजवानी पुरी होत नाही, तो मूळचा तेथील अँडीज पर्वतातला. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड केली. पुढे तो युरोपात गेला व पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यास आणला. ‘बटाटा’ हा आपला शब्दही त्यांच्याच बोलीतून आलेला आहे.

ह्या अँडीज पर्वतात इंका नावाच्या राजांनी वसविलेले माचू पिच्चू हे नगर आज ओसाड उभे आहे. आगगाडी व मोटार ह्यांच्या साहाय्याने तेथे एका दिवसात जाऊन येता येते. परंतु इंका लोकांनीच बांधलेल्या फरसबंद वाटेने चार दिवस चालत, तीन रात्री तंबूत काढून, डोंगराच्या बाजूने त्या नगरात उतरण्याचीही सोय आहे. गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही आणि आमचे बालमित्र ती वाट चालून आलो. आमचे हे मित्र खानापूर तालुक्यातील शाळांत तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले असून सारा गाव त्यांस ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतो; तेव्हा येथेही आम्ही त्यांस मास्तरच म्हणू. जुन्या गोव्याच्या फेस्तास आम्ही दोघे तरुणपणापासून पायी जात आलो आहोत. माचू पिच्चूचे चित्र आम्ही प्रथम शाळेत असताना एका जुन्या मासिकात पाहिले होते, आणि ‘कधी तरी येथे चालत जाऊ’ असा शब्द एकमेकांस दिला होता. तो शब्द पुरा व्हायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

प्रवासाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. ह्या लेखात आम्हांस मुख्यत्वे एकच गोष्ट सांगावयाची आहे: ती वाट आम्ही कोणाच्या बळावर पुरी केली.

कुस्को शहरात

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर असलेले कुस्को ही एके काळी इंका राजांची राजधानी होती. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर; म्हणजे कुस्कोच्या बाजारात उभा असलेला मनुष्य कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असतो. हवा इतकी विरळ की जिना चढताना धाप लागते. म्हणून डोंगरात शिरण्यापूर्वी काही दिवस तेथे राहून शरीरास त्या हवेची सवय करून द्यावी लागते. आम्ही पाच दिवस राहिलो.

त्या दिवसांत तेथे ख्रिस्तशरीराचा सण आला. कुस्कोत ह्या सणास निरनिराळ्या धर्मग्रामांतून संतांच्या व पवित्र मातेच्या मिळून पंधरा मूर्ती मोठ्या कॅथेड्रलमध्ये आणतात. त्या मूर्ती गाडीवरून येत नाहीत. चांदीने मढविलेल्या त्या अवजड पालख्या माणसे खांद्यावर वाहतात. काही थकली की दुसरी पुढे होतात, आणि खांदा देण्याचा मान मिळावा म्हणून चढाओढ चालते. ‘ह्यांच्या खांद्यांकडे पाहा,’ मास्तर म्हणाले, ‘आपल्याकडच्या भाताच्या भाऱ्याखालचेच खांदे आहेत हे.’

त्याच शहरात इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतीवर डोमिनिकन संन्याशांचा मठ उभा आहे. २१ मे १९५० रोजी झालेल्या भूकंपात मठाची वरची बांधणी कोसळली. खालच्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. चुना न वापरता, दगडास दगड घासून इतका नेमका बसविलेला की सांध्यात चाकूचे पातेही शिरत नाही. भिंती किंचित आत कललेल्या, दारे खाली रुंद व वर निमुळती. भूकंपाच्या देशात टिकाव धरण्याची ही युक्ती होय. आणि हे सर्व ज्या लोकांनी केले, त्यांच्यापाशी लोखंड नव्हते, ओझी ओढणारी चाकाची गाडी नव्हती, की लिहिण्याची लिपी नव्हती. हिशेब ते दोऱ्यांना गाठी मारून ठेवीत.

वजनाचा काटा

कुस्कोहून पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर ८२ व्या किलोमीटरपाशी, सुमारे २,७०० मीटर उंचीवर, ही वाट सुरू होते. तेथून माचू पिच्चू सुमारे ४३ किलोमीटर आहे. अंतर ऐकून आमच्या वाचकांस हसू येईल, कारण आपली माणसे एका दिवसात इतके चालून जातात. परंतु त्या अंतरात तीन खिंडी आहेत, आणि वाट सपाट अशी फारच थोडी आहे.

ह्या वाटेवर स्वैरपणे कोणासही जाता येत नाही. सरकारी परवाना व परवानाधारक वाटाड्या असल्यावाचून प्रवेश मिळत नाही. दिवसाला एकंदर ५०० माणसांनाच सोडतात, आणि त्यांत प्रवाशांपेक्षा हमाल, स्वयंपाकी व वाटाडेच अधिक असतात. फेब्रुवारी महिन्यात पावसामुळे व दुरुस्तीसाठी वाट बंद ठेवतात. आमच्या टोळीत दहा प्रवासी, दोन वाटाडे, एक स्वयंपाकी आणि पंधरा हमाल होते. तंबू, जेवणाची मेजे, गॅसच्या टाक्या, पीठ, भाजी, अंडी, सारे काही त्या हमालांच्या पाठीवर.

पुलाजवळच्या चौकीवर एक वजनकाटा आहे. प्रवाशांचे कागद तपासतात, आणि हमालांची ओझी तोलतात. पूर्वी हे लोक याहून पुष्कळ जड ओझी वाहत; त्यांच्या पाठी व गुडघे तरुणपणीच निकामी होत. २००१ साली पेरूच्या संसदेने हमालांसाठी कायदा केला व माणसामागे २० किलोंची मर्यादा घातली. मास्तर आपली पाळी संपवून बाजूस उभे राहिले आणि पंधराही ओझी तोलून होईपर्यंत हलले नाहीत. पोषाखावरून व चेहऱ्यावरून ती सारी डोंगराळ खेड्यांतली शेतकरी माणसे दिसत होती. घरी बटाटा व मका पिकवावयाचा, आणि शेताची कामे नसतील तेव्हा ओझी वाहावयाची, असा त्यांचा क्रम. भाषा केचुआ, म्हणजे इंका लोकांचीच.

पहिला दिवस उरुबांबा नदीच्या काठाकाठाने सोपा गेला. वाटेत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते व घरांचे चौथरे दिसले. संध्याकाळी सुमारे ३,००० मीटरवरील वाय्याबांबा खेड्यापाशी मुक्काम केला. आमच्या मागून निघालेले हमाल दुपारीच आम्हांस ओलांडून, जवळजवळ धावत, पुढे गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तंबू उभे होते व पाणी उकळत होते.

मृत स्त्रीची खिंड

दुसऱ्या दिवशीची चढण ह्या वाटेवरील सर्वांत मोठी. एका दिवसात बाराशे मीटर चढून ४,२१५ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. तिचे केचुआ नाव वार्मिवान्युस्का, म्हणजे ‘मृत स्त्री’. दरीतून पाहिले असता त्या कड्याची आकृती उताण्या निजलेल्या स्त्रीसारखी दिसते, म्हणून हे नाव. आम्ही वीस पावले टाकावी आणि थांबावे, पुन्हा वीस पावले टाकावी, असे करीत दुपारी माथ्यावर आलो. अँडीजमध्ये जुनी रीत आहे की खिंड चढणाऱ्याने खालून एक दगड बरोबर आणावा व माथ्यावरील राशीवर ठेवावा. मास्तरांनी खिशातून आणलेला खडा तेथे ठेवला. वाऱ्याने उभे राहवत नव्हते. दोघांनी एकमेकांचे हात धरले, आणि मग उतरू लागलो.

संकट आले ते चढणीवर नव्हे, उतारावर. खिंडीपलीकडे पाकायमायोच्या मुक्कामापर्यंत सहाशे मीटर खाली दगडी पायऱ्याच पायऱ्या आहेत. काही गुडघाभर उंचीच्या. अर्ध्या वाटेवर मास्तरांचा उजवा गुडघा दुखू लागला. मुक्कामी पोहोचलो तेव्हा तो सुजून मोठा झाला होता.

रात्री वाटाडे तंबूत आले. त्यांनी गुडघा पाहिला, पट्टी बांधली, आणि परिस्थिती स्पष्ट सांगितली. ह्या ठिकाणी मोटार येत नाही. मागे जावयाचे तर आज उतरलेली तीच खिंड पुन्हा चढावयाची. पुढे जावयाचे तर उद्या दोन खिंडी आहेत, परंतु त्या कमी उंचीच्या. सुमारे सोळा किलोमीटरची चाल, आणि शेवटी दोन-तीन तास नुसता जिना. मग चौथ्या दिवशी थोडेसेच अंतर उरते. ज्यांना मुळीच चालवत नाही त्यांस हमाल पाठीवर घेऊन नेतात. दुसरा मार्ग नाही.

हे शेवटचे वाक्य ऐकताच मास्तर उठून बसले. ‘दुसऱ्या माणसाच्या पाठीवर बसून मी त्या नगरात जाणार नाही,’ ते म्हणाले. वाटाडे गेल्यावर आम्हांस म्हणाले, ‘तू उद्या सगळ्यांबरोबर पुढे हो. मी हळूहळू येईन. नाही आलो तर नाही आलो. दोघांनीही पाहायचे राहावे असे थोडेच आहे?’

आम्ही उत्तर दिले नाही. कारण त्या क्षणी आमच्या मनात काय चालले होते ते आमचे आम्हांस ठाऊक. चाळीस वर्षांचे स्वप्न दीड दिवसाच्या अंतरावर होते. टोळीबरोबर राहिलो तर चौथ्या दिवशी उजाडताना सूर्यद्वारातून ते नगर दिसणार होते. मास्तरांबरोबर राहिलो तर कदाचित वेळेवर पोहोचणारही नव्हतो. प्रवेशपत्र त्या एका दिवसाचेच होते. बराच वेळ आम्ही नदीचा आवाज ऐकत पडून राहिलो. मग आम्ही म्हणालो, ‘मास्तर, लहानपणी शब्द दिला तो दोघांनी मिळून दिला होता. पहाटे चारला उठू.’

सोळा किलोमीटर

पहाटे चार वाजता विजेऱ्या घेऊन निघालो. टोळीस दोन वाटाडे होते. त्यांपैकी दुसरी, एक तरुण मुलगी, आमच्याबरोबर राहिली. शिवाय स्वयंपाक्याने एक हमाल आमच्यासोबत दिला. त्याचे ओझे बाकीच्यांनी वाटून घेतले. बुटका, रुंद छातीचा, चाळिशीतला तो गृहस्थ मास्तरांच्या पुढे एक पायरी उतरे, वळून हात देई, आणि ते उतरले की पुन्हा एक पायरी उतरे. मास्तरांस तो ‘तायता’ म्हणे. केचुआ भाषेत ह्याचा अर्थ बाप, वडीलधारा. आम्हांस आपल्या ‘तात’ शब्दाची आठवण झाली.

त्या दिवशी आम्ही काय काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. रुंकुराकाय नावाचे वर्तुळाकार घर, जेथे जुन्या काळी वाटसरू व राजाचे निरोपे विसावा घेत असावेत. पुढे, जवळजवळ चार हजार मीटरवरील दुसरी खिंड. मग सायाकमार्का: कड्याच्या नाकावर बांधलेली वस्ती, जिला एका अरुंद जिन्यावाचून वाट नाही. तेथून पुढे वाट दलदल व दाट झाडी ह्यांतून जाते, आणि येथेच तिची खरी थोरवी दिसते. दरीच्या काठावर दगडांचा भराव घालून फरसबंदी केलेली. जेथे प्रचंड खडक आडवा आला, तेथे त्याच्यातील नैसर्गिक भेग रुंद करून बोगदा काढलेला. इंकांच्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरांचे होते व आजच्या सहा देशांतून पसरले होते. २०१४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत घातले. ह्या रस्त्यांवरून घोडा कधी धावला नाही, कारण स्पॅनिश येईपर्यंत त्या खंडात घोडाच नव्हता. राजाचा निरोप तरुण धावपटू टप्प्याटप्प्याने नेत. सामान लामा नावाच्या जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवर जाई.

तरुण वाटाडीने आम्हांस एक गोष्ट समजावून सांगितली. इंका राज्यात पैशाचा कर नव्हता. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याचे काम करावयाचे, ह्यास ‘मिता’ म्हणत. रस्ते, भिंती, शेतांचे बांध, सर्व ह्या पाळीतून उभे राहिले. त्या बदल्यात राज्य कामकऱ्यांस कोठारातून अन्न देई. पुढे स्पॅनिश सत्तेने नाव तेच ठेवले आणि त्याच नावाखाली माणसांस चांदीच्या खाणींत राबविले. ‘तेव्हा ह्या पायऱ्या कोणी बसविल्या असे विचाराल,’ ती आमच्या सोबत्याकडे पाहून म्हणाली, ‘तर ह्याच्या पूर्वजांनी.’

फुयुपातामार्का, म्हणजे ‘ढगांवरचे गाव’, येथे पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. खाली खरोखरच ढग होते. तेथून शेवटचा उतार सुरू झाला. तासाभरात मास्तरांचा गुडघा वाकेनासा झाला आणि अंधार पडला. ते एका पायरीवर बसले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग हमालाने आपल्या खांद्यावरचे विणलेले पटकूर सोडले, जमिनीवर पाठ करून बसला, आणि मास्तरांस खूण केली.

मास्तर म्हणाले, ‘ह्याला सांगा, कायद्याने वीस किलो. मी पंचावन्न आहे.’

मुलीने ते केचुआत सांगितले. तो मोठ्याने हसला आणि काही बोलला. तिने त्याचा अर्थ सांगितला: ‘तो म्हणतो, काटा पुलापाशी आहे, येथे नाही. तो म्हणतो, सणाला आम्ही आमच्या गावचा संत खांद्यावरून नेतो, त्याचे वजन कोणी विचारीत नाही. आणि तो म्हणतो, तायता, उशीर होतो आहे.’

मास्तर थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी आपली काठी आमच्या हाती दिली आणि दोन्ही हात त्या माणसाच्या गळ्याभोवती टाकले.

अशा रीतीने तो अवघड जिना संपेपर्यंत, मध्ये मध्ये विसावा घेत, त्याने त्यांस नेले. खालून दोन विजेऱ्या वर येताना दिसल्या. मुक्कामावर तंबू लावून, जेवण रांधून झाल्यावर दोन हमाल उलट वर आले होते. एकापाशी गरम चहाची किटली होती. दुसऱ्याने मास्तरांस आपल्या पाठीवर घेतले. विन्याय वायनाच्या तळावर आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. कोणीही झोपले नव्हते.

घोंगडी

त्या रात्री हमालांचा निरोप घ्यावयाचा असतो. पहाटे ते तंबू गुंडाळून खाली उतरतात व आपली गाडी गाठतात. प्रवासी दुसऱ्या वाटेने नगराकडे जातात. सर्वांनी मिळून त्यांस बक्षिसी दिली. मास्तरांनी मुलीमार्फत आपल्या सोबत्यास विचारले, ‘तू किती वेळा ह्या वाटेने आलास?’ त्याने बोटे मोजण्याचा प्रयत्न केला व सोडून दिला. अकरा वर्षे तो हे काम करीत होता. ‘आणि ते नगर कसे वाटले तुला?’ त्याने मान हलविली. त्याने माचू पिच्चू पाहिले नव्हते. हमालाची वाट तळावरून खाली उतरते. नगरात प्रवेशपत्र लागते, आणि गाडीची वेळ चुकली तर मजुरीचा दिवस बुडतो.

त्या रात्रीचे हे बोलणे आमच्या मनातून आजही जात नाही. दुसरे दिवशी नगर पाहून जे वाटले, त्याहून ते अधिक खोल गेले आहे.

मास्तरांनी थंडीसाठी गावाहून आपली काळी घोंगडी आणली होती. ती त्यांनी घडी करून त्याच्या हाती दिली. विणकरांच्या देशातला तो माणूस. त्याने आभार मानण्यापूर्वी ती विजेरीखाली धरली, बोटांनी वीण चाचपली, लोकर चोळून पाहिली, आणि ‘मेंढी’ असे म्हणून मान डोलावली. नंतर म्हणाला, ‘सुल्पायकी, तायता.’ सुल्पायकी म्हणजे आभारी आहे.

सूर्यद्वार

चौथ्या दिवशी साडेपाचला चौकी उघडली. आमची टोळी पुढे गेली. आम्ही दोघे व ती मुलगी सर्वांच्या मागून, दोन काठ्या व एक खांदा ह्यांच्या आधाराने, निघालो. इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, येथे पोहोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. सूर्योदय केव्हाच होऊन गेला होता. लवकर आलेल्यांना धुक्याखेरीज काही दिसले नव्हते असे मागाहून कळले. आम्हांस मात्र धुके विरून खाली, दोन शिखरांच्या मधल्या खोगिरावर, पांढऱ्या ग्रॅनाइटच्या भिंती, हिरवी पायऱ्यांची शेते, आणि तिन्ही बाजूंनी वळसा घालणारी नदी स्वच्छ दिसली. मासिकातले चित्र खोटे नव्हते, एवढेच मास्तर बोलले. मग त्यांनी डोळे पुसले.

हे नगर पाचाकुती नावाच्या राजाच्या काळी वसले. २०२१ साली तेथील हाडांच्या कालमापनावरून असे दिसून आले की सुमारे १४२० पासून १५३० पर्यंत तेथे वस्ती होती. १५३२ नंतर स्पॅनिश आक्रमणाच्या धामधुमीत ते ओस पडले. स्पॅनिश फौज तेथवर आलीच नाही, आणि म्हणून ते नगर वाचले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक हायराम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले व त्यांनी त्याची कीर्ती जगभर केली. परंतु त्यांस वाट दाखविली मेल्चोर आर्तेआगा ह्या तेथील शेतकऱ्याने. वर पोहोचल्यावर त्यांस शेते कसणारी रिचार्ते व आल्वारेस ही कुटुंबे भेटली. आणि भग्न भिंतींतून त्यांस फिरवून आणले एका लहान मुलाने. त्यापूर्वीच आगुस्तीन लिसारागा नावाचा स्थानिक मनुष्य १९०२ साली तेथे येऊन भिंतीवर आपले नाव लिहून गेला होता. म्हणजे ज्यांना ते नगर ठाऊक होते, त्यांची नावे जगास पुष्कळ उशिरा ठाऊक झाली.

नगरात हिंडताना डोळे देवळांवर व राजवाड्यावर खिळतात. परंतु अभ्यासकांचा अंदाज असा की तेथील बांधकामाच्या श्रमांपैकी सुमारे साठ टक्के श्रम जमिनीखाली आहेत. वर्षाकाठी सुमारे दोन मीटर पाऊस पडणाऱ्या त्या कड्यावर पाणी मुरून भिंती खचू नयेत म्हणून प्रत्येक बांधाच्या पोटात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर माती अशी भर घातलेली आहे. सुमारे पाऊण किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी दगडी पाटाने आणून ते एकाखाली एक अशा सोळा कुंड्यांतून खेळविले आहे. कोकणात व आमच्या खानापूरकडे डोंगरउतारावर भातखाचरे राखणाऱ्यास ह्या कामाची किंमत कोणी सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. तेथील थडग्यांत जी माणसे सापडली, ती राजघराण्यातील नव्हेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चौतीस सांगाड्यांची आनुवंशिक तपासणी केली होती. त्यावरून दिसले की ते राजाच्या सेवेतील लोक होते, आणि साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, काही तर पलीकडच्या अरण्यप्रदेशातून आणलेले होते. राजे तेथे हवापालटास येत व परत जात. राहिली ती ही माणसे. वाढली, राबली, आणि त्याच मातीत निजली.

मास्तर एका भिंतीपाशी बराच वेळ हात ठेवून उभे होते. आम्ही विचारले, ‘काय पाहतोस?’ ते म्हणाले, ‘हा दगड किती किलोंचा असेल, आणि तो वाहणाऱ्याने इथला सण कधी पाहिला असेल का, याचा विचार करतो आहे.’

परत आल्यावर

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज दूरदेशी जातात व हौसेने डोंगरही चढतात. त्यांच्यापैकी कोणी ह्या वाटेने जाणार असेल, तर आमचे अनुभवाचे चार शब्द आहेत. कुस्कोत पुरेसे दिवस राहून मगच चढावे. काठी बरोबर घ्यावी, आणि तिच्या लोखंडी टोकास रबराची टोपी असावी; तसा तेथील नियमच आहे, नाही तर जुन्या पायऱ्या झिजतात. सोबत्यांपैकी जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या पावलाने चालावे. आणि ज्या संस्थेमार्फत जावयाचे, तिला आधी हे विचारावे: तुमच्या हमालांस मजुरी किती मिळते, ते काय जेवतात, कोठे निजतात, आणि त्यांचे ओझे प्रत्यक्ष किती असते. हे प्रश्न विचारणारे प्रवासी वाढले, म्हणजे कायद्याचे काम सोपे होते.

मास्तरांचा गुडघा दीड-दोन महिन्यांत बरा झाला. हल्ली ते शेजारच्या मुलांस माचू पिच्चूची गोष्ट सांगतात. चढणीचे व खिंडीचे वर्णन त्यांत असतेच. परंतु जिन्यावरील त्या रात्रीचा भागही ते गाळीत नाहीत. ‘शेवटचा जिना मी चाललो नाही,’ असे ते स्पष्ट सांगतात, ‘मला नेला.’ आणि मग त्या माणसाचे नाव मुलांकडून नीट उच्चारून घेतात. यंदा त्यांनी शेतमालाच्या पैशांतून काही रक्कम बाजूस काढून त्या तरुण वाटाडीकडे पाठविली. त्या माणसाने आपल्या बायकोमुलांसह एक दिवस आगगाडीने जावे, प्रवेशपत्र काढावे, आणि अकरा वर्षे ज्याच्या उंबरठ्यापर्यंत तो ओझी वाहत आला ते नगर पाहावे, असा तिचा हेतू. तो जाऊन आला की नाही, हे पत्र अजून यावयाचे आहे. मास्तर टपालाची वाट पाहत आहेत, आणि आम्हीही.